पडद्यामागचा ठोका : वुल्फ-राये ताऱ्यांची दीडशे वर्षे

आजचा विषय खगोलशास्त्राचा आणि बोलणारे आम्ही तत्त्वज्ञानाचे. तेव्हा सुरुवातीलाच एक गोष्ट ठरवून टाकू. समीकरणं आम्ही फळ्यावर मांडणार नाही, त्यासाठी जाणकार मंडळी आहेत. आपण पाहणार आहोत तो एका प्रश्नाचा इतिहास. जी वस्तू थेट कधीच दिसत नाही, तिच्या आत काहीतरी धडधडतं आहे हे माणसाला कळतं कसं? आणि कळलं असं वाटतं, तेव्हा ते खरोखर कळलेलं असतं का?

हा प्रश्न ज्यांच्या बाबतीत फार टोकदार झाला ते तारे म्हणजे वुल्फ-राये तारे. अतिशय तप्त, वजनदार, आणि आयुष्याच्या अखेरीकडे आलेले. आपल्या आकाशगंगेत अब्जावधी तारे असताना हे आजवर जेमतेम साडेसहाशेच्या वर सापडले आहेत. म्हणजे दुर्मिळच म्हणायचे. पण त्यांच्यावर दीडशेहून अधिक वर्षं वाद चालू आहे, आणि तो संपलेला नाही.

पॅरिसमधली दोन वाक्यं

गोष्ट सुरू होते पॅरिसला, पण दुर्बिणीपासून नव्हे. १८३५ साली ऑग्युस्त कॉम्त यांच्या प्रत्यक्षार्थवादी तत्त्वज्ञानावरच्या व्याख्यानांचा दुसरा खंड आला. त्यात ताऱ्यांविषयी एक ठाम विधान आहे. ताऱ्यांचे आकार, अंतरं, त्यांच्या गती यांचा अभ्यास करता येईल, पण ते कशाचे बनलेले आहेत, त्यांचं रसायन काय, हे आपल्याला कधीही कळणार नाही, असं कॉम्त सांगून गेले. आम्ही वर्गात हे सांगितलं की मुलं हसायची. कारण पुढे काय झालं ते त्यांना माहीत असायचं. कॉम्त वारले १८५७ साली. त्यानंतर दोन-तीन वर्षांत जर्मनीत किर्खहोफ आणि बुन्सेन यांनी दाखवून दिलं की प्रकाश लोलकातून फाकवला तर त्यातल्या रेषांवरून मूलद्रव्य ओळखता येतं. ताऱ्याचं रसायन त्याच्या प्रकाशातच लिहिलेलं निघालं.

वर्णपट म्हणजे काय ते दोन वाक्यांत सांगतो. इंद्रधनुष्यासारखा रंगांचा पट्टा, आणि त्यावर साधारणपणे बारीक काळ्या रेषा. ताऱ्याच्या बाहेरच्या थंड थरांतले अणू ठराविक रंग गिळतात, म्हणून तिथे काळी रेष. सूर्याचं असंच आहे, आणि दिसणाऱ्या बहुतेक ताऱ्यांचंही.

आता १८६७. पॅरिस वेधशाळेत शार्ल वुल्फ आणि जॉर्ज राये हे दोघे ४० सेंटिमीटरच्या फूको दुर्बिणीला वर्णपटदर्शक लावून ताऱ्यांकडे पाहत होते. आदल्याच वर्षी उत्तर मुकुट समूहात एक नवतारा भडकला होता आणि त्याच्या वर्णपटात तेजस्वी रेषा दिसल्या होत्या, त्यामुळे अशा रेषांकडे सगळ्यांचं लक्ष होतंच. हंस तारकासमूहात त्यांना आठव्या प्रतीचे, म्हणजे नुसत्या डोळ्यांना न दिसणारे, तीन तारे सापडले. त्यांच्या वर्णपटात काळ्या रेषांऐवजी रुंद, तेजस्वी पट्टे होते. रेषा नव्हेत, पट्टे. बारीक पेनने ओढलेली रेघ कुणी ओल्या बोटाने पसरवावी तसे. दोघांनी फ्रेंच अकादमीच्या वृत्तांतात त्याची नोंद छापली.

हे तीन तारे लक्षात ठेवा. आजच्या यादीत त्यांची नावं आहेत डब्ल्यूआर १३४, डब्ल्यूआर १३५ आणि डब्ल्यूआर १३७. शेवटी आपण पुन्हा त्यांच्याकडेच येणार आहोत.

पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १८६८ मध्ये, राये सूर्यग्रहणासाठी सयामच्या बाजूला गेले. त्या ग्रहणाची सावली आपल्या कोकण किनाऱ्यावरून, विजयदुर्गाच्या परिसरातून पूर्वेकडे गेली होती. सूर्याच्या ज्वालांच्या वर्णपटातल्या ज्या पिवळ्या रेषेचा त्या सुमारास गाजावाजा झाला, तिच्यातून हेलियम हे नाव आलं. प्रयोगशाळेत हेलियम हाती लागायला मात्र १८९५ उजाडलं. वुल्फ-राये ताऱ्यांतलं बरंचसं द्रव्य हेलियमचंच असतं. तेव्हा त्या तेजस्वी पट्ट्यांचा अर्थ १८६७ मध्ये न लागणं साहजिक होतं. ज्या मूलद्रव्याचा ठसा होता त्याचं नावच तोवर कोशात नव्हतं. आणि आयनित हेलियमच्या रेषा हायड्रोजनच्या समजल्या गेल्या होत्या, तो घोळ सुटला १९१३ साली, नील्स बोर यांच्या अणुसिद्धांताने.

वाऱ्याचा पडदा

पट्टे रुंद का? यावर पहिलं पटणारं उत्तर दिलं कॅनडातल्या व्हिक्टोरिया येथील वेधशाळेच्या कार्लाइल बील्स यांनी, १९२९ साली. तारा सर्व बाजूंनी सतत द्रव्य फेकतो आहे. आपल्याकडे येणाऱ्या द्रव्याचा प्रकाश निळ्याकडे सरकतो, पलीकडे जाणाऱ्याचा तांबड्याकडे. स्टेशनावरून गाडी शिट्टी वाजवत निघून जाते तेव्हा आवाज आधी चढा आणि मग उतरता लागतो, तेच तत्त्व. सगळ्या दिशांनी सगळ्या वेगांचं द्रव्य एकदम दिसलं की रेषा पसरून पट्टा होतो. पट्ट्याच्या रुंदीवरून वेग काढता येतो, आणि तो निघतो सेकंदाला हजार ते तीन हजार किलोमीटर. १९३४ मध्ये सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी या बाहेर धावणाऱ्या अणूंच्या कल्पनेला गणिताची बैठक दिली. ते तेव्हा केंब्रिजला होते, वय अवघं २३.

या ताऱ्यांचा वारा किती दाट असतो? एक लाख वर्षांत साधारण एका सूर्याइतकं द्रव्य तो उधळून देतो. आपला सूर्यही वारा सोडतो, पण त्याच्याशी तुलना केली तर हा कोट्यवधी पटींनी जास्त. ताऱ्याच्या दृष्टीने लाख वर्षं म्हणजे काहीच नाही. आपणच आपल्याला सोलत बसलेला तारा, असं म्हणा.

१९३८ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोल संघाने या ताऱ्यांची दोन घराणी मान्य केली. एकात नायट्रोजनच्या रेषा ठळक, दुसऱ्यात कार्बनच्या. हे का असावं? १९४३ साली जॉर्ज गॅमो यांनी सुचवलं की आपल्याला दिसतो आहे तो ताऱ्याच्या पोटातल्या अणुभट्टीचा माल. वरची सालं निघून गेल्यामुळे आतली राख उघडी पडली आहे. हायड्रोजन जळून हेलियम झाला की नायट्रोजन वाढतो, हेलियम जळू लागला की कार्बन. ही सालं काढली कुणी, यावर दोन मतं पुढे आली. १९६७ मध्ये पाचिन्स्की म्हणाले की शेजारच्या जोडीदार ताऱ्याने ओढून घेतली. १९७६ मध्ये पीटर कॉन्टी म्हणाले की ताऱ्याच्या स्वतःच्या वाऱ्यानेच ती उडवली. आज दोन्ही मार्ग शक्य मानतात, आणि कोणता किती वेळा घडतो यावर भांडतात.

आता कॉम्त यांच्याकडे परत या. त्यांनी काय म्हटलं होतं? आकार कळेल, रसायन कळणार नाही. इथे नेमकं उलटं झालं. रसायन कळलं, अगदी अणुभट्टीच्या राखेपर्यंत कळलं. आकार कळेना! कारण वारा इतका दाट की ताऱ्याचा पृष्ठभाग त्याच्या आड गेलेला. आपण जो प्रकाश पाहतो तो वाऱ्याच्या बाहेरच्या थरांतून निघालेला. तारा नेमका कुठे संपतो आणि वारा कुठे सुरू होतो हे प्रतिमाने लावूनच ठरवावं लागतं, आणि प्रतिमानागणिक उत्तर बदलतं. कॉम्त यांना हसणाऱ्या मुलांना आम्ही हेही सांगत असू. ज्ञानाला मर्यादा आहे हे त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. ती मर्यादा कुठल्या जागी आहे, हे त्यांना आधीच सांगता आलं नाही, एवढंच.

अगस्त्याच्या शेजारचा तारा

यातला एक तारा आपल्याला घराच्या गच्चीवरून दिसतो. फेब्रुवारी-मार्चच्या संध्याकाळी दक्षिणेकडे तोंड करून उभं राहा. अगस्त्य तारा सापडला की त्याच्या डावीकडे, म्हणजे पूर्वेला, थोडा वर एक ठळक तारा दिसेल. जुन्या नकाशांतल्या नौकेच्या शिडावरचा हा गॅमा वेलोरम. आकाशातला सर्वांत तेजस्वी वुल्फ-राये तारा हाच. पॅरिसहून तो क्षितिजाच्या वर येतच नाही, म्हणून वुल्फ आणि राये यांना तो मिळाला नाही. त्याच्या तेजस्वी रेषा पाहिल्या इटालियन खगोलज्ञ रेस्पिगी यांनी, १८७१ च्या डिसेंबरात, खग्रास ग्रहणासाठी मद्रास इलाख्यात आले असताना.

हा तारा एकटा नाही. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात कोडाईकनाल वेधशाळेतून गणेश आणि वेणू बाप्पू यांनी त्याच्या कक्षेचा काळ ठरवला, साडेअठ्ठ्याहत्तर दिवस. बाप्पू म्हणजे कावलूरची वेधशाळा उभी करणारे, पुढे आंतरराष्ट्रीय खगोल संघाचे अध्यक्ष झालेले. वुल्फ-राये तारे हा त्यांचा फार आवडीचा विषय. १९७१ साली ब्युनोस आयरेसला याच ताऱ्यांवर जो आंतरराष्ट्रीय परिसंवाद झाला त्याच्या ग्रंथाचे ते एक संपादक होते. आजच्या मापनांप्रमाणे या जोडीतला वुल्फ-राये तारा सुमारे ९ सूर्यांचा आणि जोडीदार सुमारे २८ सूर्यांचा. जो हलका तोच म्हातारा. एकेकाळी तो जास्त वजनदार असणार, त्याशिवाय आधी म्हातारा झाला नसता. बाकीचं वजन गेलं कुठे याचं उत्तर वर आलंच आहे.

जोडी असली की वर्णपट बदलतो हे उघड आहे. तारा जोडीदाराभोवती फिरताना रेषा पुढे-मागे सरकतात. हा बदल समजतो. पण १९६० नंतर उपकरणं सुधारत गेली तसे न समजणारे बदल दिसू लागले. एकट्या वाटणाऱ्या ताऱ्यांच्या रेषा रात्रीगणिक, कधी तासागणिक आकार बदलू लागल्या. कधी उजवा खांदा उचललेला, कधी डावा. प्रकाशही किंचित कमी-जास्त. आणि इथून आपल्या मुख्य प्रश्नाला सुरुवात होते.

एक ठोका, तीन कारणं

समजा एका ताऱ्यात दर चार दिवसांनी तोच बदल दिसतो आहे. लय पक्की आहे. ही लय कशाची? तीन शक्यता. पहिली, ताऱ्याला न दिसणारा जोडीदार आहे आणि ही त्याची फेरी. दुसरी, तारा स्वतःभोवती फिरतो आहे आणि त्याच्यावर कुठेतरी डाग किंवा उंचवटा आहे. तिसरी, तारा स्पंदन पावतो आहे, म्हणजे आतून फुगतो-आकसतो आहे किंवा त्याच्या अंगावरून लाटा फिरत आहेत.

आपल्या न्यायशास्त्रात याला फार नेमका शब्द आहे. धूर दिसला म्हणून अग्नी आहे हे अनुमान चालतं, कारण अग्नीशिवाय धूर आढळत नाही. पण डोंगर आपल्याला जाणता येतो म्हणून त्यावर अग्नी आहे, हे अनुमान चालत नाही, कारण तळंही जाणता येतं आणि तिथे अग्नी नसतो. असा हेतू अनैकान्तिक. तो एका ठिकाणी थांबत नाही. ताऱ्यातली नुसती लय हा असाच अनैकान्तिक हेतू आहे. स्पंदन असेल तर लय दिसेल, पण लय दिसली म्हणजे स्पंदनच, असं होत नाही. वुल्फ-राये ताऱ्यांच्या इतिहासातला निम्मा वाद या एका पायरीवर अडखळलेला आहे.

उदाहरण घेऊ. व्याध ज्या समूहात आहे त्याच बृहल्लुब्धकात ईझेड कॅनिस मेजोरिस नावाचा तारा आहे, यादीतला डब्ल्यूआर ६. १९८० मध्ये फिर्मानी आणि सहकाऱ्यांनी त्याची लय मोजली, सुमारे ३.७६ दिवस. त्यांनी सुचवलं की हा न्यूट्रॉन ताऱ्यासारखा छोटा, घट्ट जोडीदार असावा. कल्पना मोहक होती. पण इतक्या दाट वाऱ्यात न्यूट्रॉन तारा असेल तर त्याच्यावर द्रव्य कोसळून प्रखर क्ष-किरण निघायला हवेत. तेवढे निघत नव्हते. शिवाय लय कायम राहायची आणि बदलाचं रूप मात्र मोसमागणिक पालटायचं. जोडीदाराची फेरी असती तर रूपही बऱ्यापैकी कायम राहिलं असतं.

म्हणून १९९० च्या दशकात दुसरी वाट पुढे आली. शेतात तुषार सिंचनाचा नळ फिरताना पाहिला असेल. पाण्याचा प्रत्येक थेंब सरळ बाहेर जातो, पण नळ फिरत असल्यामुळे धारेची आकृती मात्र वळलेली दिसते, आणि ती आकृती नळाबरोबर फिरते. ताऱ्याच्या पृष्ठभागावर एखादी जागा जास्त तेजस्वी असेल तर तिथून निघणारा वारा वेगळ्या वेगाचा असतो. तो शेजारच्या वाऱ्याला भिडतो आणि एक सर्पिल पट्टा तयार होतो. तारा फिरला की तो पट्टा आपल्यासमोरून जातो. लय ताऱ्याच्या फिरण्याची, रूप त्या दिवसांतल्या डागांचं. ईझेड कॅनिस मेजोरिसला हे बरंच लागू पडलं. पण थांबा. गेल्या काही वर्षांत श्मुट्झ आणि कोनिग्सबर्गर यांनी पुन्हा जोडीदाराचा मुद्दा मांडला, या वेळी साध्या ताऱ्याचा, ज्याची लांबट कक्षाच हळूहळू वळत जाते. म्हणून रूप पालटतं, असं ते म्हणतात. ध्रुवित प्रकाशाची मापनं घेऊन दुसरा पक्ष फिरण्याच्याच बाजूने उभा आहे. खटला अजून चालूच आहे.

दहा मिनिटांची लय

स्पंदनाच्या पक्षाची बाजू मुळात सिद्धांताकडून आली. १९४० च्या सुमारास बेल्जियमच्या पॉल लेदू यांनी हिशोब मांडला होता की फार वजनदार ताऱ्यात अणुभट्टीच ठोका देऊ शकते. तारा किंचित आकसला की आतलं तापमान वाढतं, भट्टी भडकते, तारा फुगतो. पुन्हा आकसतो, पुन्हा भडकतो. १९८० च्या दशकात आंद्रे मेडर यांनी वुल्फ-राये ताऱ्यांसाठी अशा स्पंदनांचा आग्रह धरला. सोललेला तारा आकाराने लहान आणि घट्ट असल्याने त्याची लय मिनिटांपासून तासाभरापर्यंतची निघत होती. लहान घंटेचा सूर उंच असतो ना, तसंच.

मग १९९२ मध्ये नेचर या नियतकालिकात बातमी आली. ब्लेखा, शालेर आणि मेडर यांना डब्ल्यूआर ४० या ताऱ्यात ६२७ सेकंदांची लय दिसली. म्हणजे साडेदहा मिनिटांच्या आतबाहेर. सिद्धांताने सांगितलेल्या पल्ल्यातली. सगळ्यांना हेच तर हवं होतं.

दुसऱ्या गटांनी तोच तारा पुन्हा मोजला. लय सापडली नाही. १९९६ मध्ये ब्लेखा यांच्याच सहभागाने नव्या निरीक्षणांचा निबंध आला, त्यातही ती पक्की झाली नाही. मंडळी, इतिहास लिहिताना आपण शोधांची यादी करतो. आम्हाला या निबंधाचं मोल फार मोठं वाटतं. आपल्याच गाजलेल्या निकालाकडे पुन्हा जाणं, तो तपासणं आणि हाती काही लागलं नाही हे छापणं, याला शास्त्र म्हणतात. नकारात्मक निकालाला टाळ्या पडत नाहीत. पण तो नसता तर पुढची पन्नास पानं चुकीच्या पायावर उभी राहिली असती.

वाऱ्यातल्या गाठी

दरम्यान एक वेगळीच गोष्ट हाती आली, आणि ती लयीची नव्हती. १९८८ मध्ये मॉन्ट्रियलचे अँथनी मोफॅट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की रुंद पट्ट्यांच्या माथ्यावर बारीक उंचवटे असतात, आणि ते तासातासाने मध्यापासून कडेकडे सरकतात. म्हणजे वारा एकसंध नाही. त्यात गाठी आहेत, आणि प्रत्येक गाठ वेग घेत बाहेर पळते आहे. कापूस पिंजताना पुंजके उडावेत तशी. या बदलाला लय नाही. पुंजके येतात, जातात.

हे क्षुल्लक वाटेल, पण याने सगळा हिशोब उलटला. द्रव्य गाठींत असेल तर तेवढंच द्रव्य जास्त प्रकाश देतं. म्हणजे वारा एकसंध धरून आधी काढलेले आकडे फुगलेले होते. तारा आधी वाटलं होतं त्याच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढंच द्रव्य घालवतो आहे, असं निघालं. एका रेषेच्या माथ्यावरच्या उंचवट्यांनी ताऱ्याचं मृत्युपत्र बदललं म्हणा ना!

सुटकेसएवढी दुर्बीण

जमिनीवरून पाहताना एक मोठी अडचण असते, ती म्हणजे दिवस. रात्री आठ-दहा तास निरीक्षण, मग खंड. दहा तासांच्या लयीचा पाठलाग असा कसा करणार? २००३ च्या जूनमध्ये कॅनडाने मोस्ट नावाचा उपग्रह सोडला. आरसा फक्त १५ सेंटिमीटरचा, आकार प्रवासी सुटकेसएवढा. पण तो आठवड्यांमागून आठवडे एकाच ताऱ्याकडे नजर लावू शकायचा. २००४ मध्ये त्याने डब्ल्यूआर १२३ हा तारा ३८ दिवस पाहिला. पुढच्या वर्षी लेफेव्र आणि सहकाऱ्यांनी निकाल छापला. बऱ्याच लहरी येत-जात होत्या, पण एक टिकून होती, ९.८ तासांची.

आता आली पंचाईत. सोललेल्या लहान ताऱ्याची लय मिनिटांची हवी, आणि ही तासांची. मोठ्या घंटेचा सूर छोट्या घंटेतून कसा? यावर २००६ मध्ये दोन उत्तरं आली. डॉर्फी, गाउट्शी आणि साइओ म्हणाले की तारा आपण समजतो त्याहून बराच मोठा धरला तर हे जमतं. टाउनसेंड आणि मॅकडोनाल्ड म्हणाले की ही फुगण्या-आकसण्याची लय नव्हेच. आतल्या थरांत गुरुत्वाने चालणाऱ्या संथ लाटा आहेत, आणि त्यांना ठोका देतं ते लोखंड. भात शिजताना पातेल्यावरचं झाकण आठवा. वाफ कोंडते, झाकण उचलतं, वाफ सुटते, झाकण बसतं. ताऱ्याच्या आत एका ठराविक तापमानाला लोखंडाचे अणू प्रकाश अडवतात आणि झाकणाचं काम करतात. १९९० च्या सुमारास ही अडवणूक नव्याने मोजली गेली, तेव्हा ती जुन्या आकड्यांपेक्षा बरीच जास्त निघाली होती. याच लोखंडामुळे वारा सुटतो, असंही आता बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे. म्हणजे ठोका आणि पडदा, दोघांचं मूळ एकच असू शकेल.

लगेच निष्कर्षाकडे धावू नका. २००८ मध्ये त्याच उपग्रहाने पाहिलेल्या डब्ल्यूआर १११ या कार्बनवाल्या ताऱ्याचा निकाल छापून आला. जलद स्पंदनांचा तिथे मागमूस नव्हता, प्रकाशाच्या लाखात पाच भागांइतक्या सूक्ष्म पातळीपर्यंतही नाही. २०१८ नंतर टेस उपग्रहाने पुष्कळ वुल्फ-राये तारे पाहिले. जवळपास सगळ्यांत एक संथ, अनियमित चढउतार सापडला, आणि काही थोड्यांत त्यातून वर आलेली एखादी स्पष्ट लय. बाजारातल्या गलक्यात कुठेतरी तबला वाजतो आहे, असं काहीसं चित्र आहे.

पुन्हा तेच तीन तारे

आता वचन दिल्याप्रमाणे हंसाकडे. २०१३ साली एक मोहीम झाली. तेनेरिफे बेटावरची टेइडे वेधशाळा हे एक केंद्र, चार महिने सलग काम, आणि त्यात व्यावसायिक शास्त्रज्ञांबरोबर हौशी आकाशनिरीक्षक. निवडलेले तारे तीन : डब्ल्यूआर १३४, १३५ आणि १३७. वुल्फ आणि राये यांचेच तिघे, १४६ वर्षांनी.

आणि गंमत बघा. एकाच शोधातले हे सख्खे शेजारी वाटावेत, पण तिघांचे स्वभाव तीन. डब्ल्यूआर १३७ ला जोडीदार आहे, त्याची फेरी सुमारे १३ वर्षांची, आणि त्या फेरीबरोबर तो धूळ तयार करतो. डब्ल्यूआर १३५ मध्ये वाऱ्यातल्या गाठींचा खेळ. डब्ल्यूआर १३४ मध्ये मात्र लय, सव्वादोन दिवसांची. २०१६ मध्ये अल्डोरेटा आणि सहकाऱ्यांनी ती २.२५५ दिवस अशी नेमकी केली. त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्यांना वाऱ्यातल्या रचनेचं आयुष्य मोजता आलं. सुमारे ४० दिवस. त्यानंतर जुना सर्पिल पट्टा विरतो, नवा उगवतो, आणि घड्याळ तेच चालू राहतं.

यावरून काय सांगता येतं? रूप बदललं तरी ठोका तोच, तेव्हा ठोका ताऱ्याच्या फिरण्याचा, हे आजचं सर्वांत पटणारं वाचन. पण पट्ट्याच्या मुळाशी असलेला डाग कशाचा? चुंबकत्वाचा म्हणावं तर शोध घेऊनही निर्णायक पुरावा मिळालेला नाही. पृष्ठभागाखालच्या लोखंडाच्या थरातल्या खळबळीचा म्हणावं, किंवा स्पंदनांचा म्हणावं, तर तो थर पडद्याआड. म्हणजे फिरणं आणि स्पंदन हे दोन परस्परविरोधी पक्ष राहत नाहीत. कदाचित एक दुसऱ्याच्या पोटात आहे.

इतकं कशासाठी?

कुणी म्हणेल, आठव्या प्रतीच्या ताऱ्याच्या रेषेचा खांदा उचलला काय अन् पडला काय. आपल्याला त्याचं काय?

पहिलं उत्तर हिशोबाचं आहे. वारा किती द्रव्य नेतो यावर ठरतं की तारा मरताना त्याच्याकडे किती उरेल, आणि त्यावर ठरतं मागे राहणाऱ्या कृष्णविवराचं वजन. १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिल्यांदा गुरुत्वीय लहरी पकडल्या गेल्या, त्या सुमारे ३६ आणि २९ सूर्यांच्या दोन कृष्णविवरांच्या मिलनाच्या. इतकी जड कृष्णविवरं कशी बनली हा प्रश्न लगेच उभा राहिला, आणि उत्तर शोधताना सगळे वजनदार ताऱ्यांच्या वाऱ्याकडे वळले. आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ अशाच लहरी टिपणारी लायगो-इंडिया ही वेधशाळा होते आहे. ती उद्या जे ऐकेल त्याचा अर्थ लावताना, कापसाच्या पुंजक्यांसारख्या त्या गाठींचा हिशोब लागणारच आहे.

दुसरं उत्तर आमच्या विषयाचं. पडद्यामागच्या वस्तूबद्दल बोलायचे दोन सोपे मार्ग नेहमी उपलब्ध असतात. एक, पडदा हीच वस्तू मानायची. दोन, पडद्यामागचं कळणारच नाही म्हणून हात झटकायचे. या ताऱ्यांच्या अभ्यासकांनी दोन्ही टाळले. पडद्याच्या हलण्याचे प्रकार त्यांनी वेगळे केले. हे हलणं जोडीदाराचं, हे फिरण्याचं, हे निव्वळ वाऱ्याचं. असं एकेक कारण बाजूला ठेवत जे उरतं त्याबद्दलच आतल्या ठोक्याचा दावा करायचा, आणि तोही पुन्हा मोजून. शेष राहिलेल्यावरून अनुमान करण्याची ही रीत आपल्याकडे न्यायदर्शनातही आहे, शेषवत् म्हणतात तिला. तिची अट एकच. बाजूला ठेवायच्या शक्यता आधी पुऱ्या मोजलेल्या हव्यात. त्या पुऱ्या झाल्या आहेत असं या ताऱ्यांच्या बाबतीत आज कुणी छातीठोकपणे म्हणणार नाही.

एक काम मात्र सगळ्यांना करता येण्यासारखं आहे. येत्या फेब्रुवारीत आभाळ स्वच्छ असेल तेव्हा अगस्त्याच्या डावीकडचा तो तारा घरातल्या मुलांना दाखवा. नुसत्या डोळ्यांना तो शांत, स्थिर दिसेल. त्याच्या वाऱ्याची, गाठींची आणि त्या अठ्ठ्याहत्तर दिवसांच्या फेरीची गोष्ट तुम्ही सांगायची. आम्ही इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.